थायरॉईड 'बॉर्डरलाईन', त्यात पाळी गेलेली : गोळी घ्यावी की थांबावे?

प्रतिनिधी, बीड

चाळिशीच्या आसपास थकवा येऊ लागतो. वजन वाढते, केस गळतात, रात्री झोप लागत नाही, क्षुल्लक कारणावरून रडू येते. डॉक्टर रक्ताची तपासणी करून घ्यायला सांगतात. हाती आलेल्या अहवालात 'टीएसएच' या अक्षरांपुढे सहा किंवा सात असा आकडा ठळक छापलेला असतो आणि 'थायरॉईड बॉर्डरलाईनवर आहे' असे सांगितले जाते. याच सुमारास पाळी अनियमित झालेली असते, किंवा गर्भपिशवी काढून टाकल्यामुळे ती केव्हाच बंद झालेली असते. मग हा त्रास नेमका कशाचा? थायरॉईडचा की रजोनिवृत्तीचा? थायरॉईडची गोळी सुरू करावी काय? स्त्री-संप्रेरकांचे उपचार घ्यावेत काय? आणि दोन्ही औषधे एकत्र चालतात काय?

हे प्रश्न कोणत्याही गावातील स्त्रीला पडू शकतात. बीड जिल्ह्यात मात्र ते अधिक स्त्रियांना, अधिक लवकर आणि अधिक अडचणीच्या परिस्थितीत पडतात. म्हणून हा विषय मुळातून समजून घेणे आवश्यक आहे.

बीडची पार्श्वभूमी

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील मजुरांच्या टोळ्या ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची असते. एक दिवस काम चुकले, की खाडा पडतो आणि त्याचा दंड कापला जातो. फडात ना आडोसा, ना पुरेसे पाणी. अशा स्थितीत पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारींवर 'पिशवी काढून टाका' हा उपाय अनेक स्त्रियांनी तिशीतच स्वीकारला.

एप्रिल २०१९ मध्ये हा विषय वृत्तपत्रांतून देशापुढे आला आणि राष्ट्रीय महिला आयोगाने त्याची दखल घेतली. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य सरकारने विधान परिषदेत दिलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्यात आल्या होत्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जिल्ह्यातील ८२,३०९ महिला ऊसतोड कामगारांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत देशभरातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण शंभरात सुमारे तीन होते.

अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविरुद्ध डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये या शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्या सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात, असा आदेश दिला.

आतापर्यंतची बहुतेक चर्चा शस्त्रक्रिया झाली का आणि का झाली, याभोवती फिरली. परंतु बत्तिसाव्या वर्षी पिशवी गमावलेल्या स्त्रीला त्यानंतर आणखी तीस-चाळीस वर्षे जगायचे असते. तिच्या शरीरातील संप्रेरकांचे पुढे काय होते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

मुकादमाची हाक

थायरॉईड, म्हणजे अवटू ग्रंथी, गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकारात वसलेली असते. तिच्यातून स्रवणारे थायरॉक्सिन हे संप्रेरक शरीराच्या चयापचयाचा वेग ठरविते. हृदयाचे ठोके, शरीराची ऊब, आतड्यांची हालचाल, मनाचा उत्साह या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. आहारातील आयोडीनपासून ते तयार होते.

या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे नियंत्रण असते. पीयूषिकेकडून येणारा हुकूम म्हणजेच टीएसएच. टोळीचे काम मंदावले, की मुकादम मोठ्याने हाका मारू लागतो. त्याचप्रमाणे रक्तात थायरॉक्सिन कमी पडू लागले, की टीएसएच वाढते. म्हणून टीएसएच जास्त असणे हे थायरॉईड 'जास्त' असल्याचे नव्हे, तर ग्रंथी मंद पडत असल्याचे लक्षण आहे. अहवाल वाचताना येथेच अनेकांची गफलत होते.

टीएसएच वाढलेले आणि मुक्त थायरॉक्सिन, म्हणजे 'फ्री टी-४', कमी झालेले असेल, तर ग्रंथीचे काम खरोखरच कमी पडले आहे. त्यावर उपचार हवेतच. परंतु टीएसएच थोडे वाढलेले आणि फ्री टी-४ मात्र ठीक, अशी मधली अवस्था पुष्कळ जणींत आढळते. मुकादमाचा आवाज चढला आहे, पण काम अजून पुरे होत आहे, अशी ही स्थिती. यालाच बोलीभाषेत 'बॉर्डरलाईन' म्हणतात. टीएसएचची वरची मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत चार ते साडेचारच्या आसपास धरली जाते. बॉर्डरलाईन प्रकरणांपैकी बहुसंख्य आकडे ही मर्यादा आणि दहा यांच्या दरम्यान असतात.

हा प्रकार विरळा नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांत थायरॉईडची कमतरता आणि आणखी आठ टक्के लोकांत ही मधली अवस्था आढळली. स्त्रियांत कमतरतेचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होते.

एकाच अहवालावर निर्णय नको

टीएसएचचा आकडा स्थिर नसतो. रात्री आणि पहाटे तो जास्त असतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठताना तो काही काळ वाढतो. काही औषधांनीही बदलतो. वयोमानानुसार तो थोडा वर सरकणे स्वाभाविक आहे. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांतील बायोटिन हे जीवनसत्त्व तर शरीरात काहीही न बिघडवता केवळ तपासणीचा आकडा चुकवू शकते. त्यामुळे पहिल्यांदा किंचित वाढलेला आकडा दिसला, तर दोन ते तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४ या दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात, अशी पद्धत आहे. दुसऱ्या तपासणीत अनेकांचा आकडा आपोआप मर्यादेत आलेला आढळतो.

त्याच वेळी 'अँटी-टीपीओ' ही प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. शरीराची संरक्षणयंत्रणाच थायरॉईडवर उलटली आहे काय, हे तिच्यावरून समजते. इंग्लंडमधील व्हिकहॅम येथे वीस वर्षे चाललेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. टीएसएच वाढलेले आणि प्रतिपिंडेही असलेल्या शंभर स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे चौघींत थायरॉईडची पूर्ण कमतरता निर्माण झाली. केवळ टीएसएच वाढलेल्या स्त्रियांत हे प्रमाण दरवर्षी शंभरात दोन ते तीन होते. याचा अर्थ, बहुसंख्य स्त्रिया बराच काळ त्याच अवस्थेत राहतात किंवा पूर्ववत होतात. वर्षाकाठी एकदा तपासणी करीत राहणे हाच अनेकींसाठी योग्य उपचार ठरतो.

लक्षणे सारखी, कारणे वेगळी

रजोनिवृत्ती आणि थायरॉईडची कमतरता या दोन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असतात. थकवा, वजन वाढणे, कोरडी त्वचा, केस गळणे, विसराळूपणा, उदासी, अनियमित पाळी ही दोन्हींकडे आढळतात. तरीही काही खुणा वेगळ्या आहेत.

अचानक अंगातून वाफा निघाल्यासारखे होणे, चेहरा-मान तापून घाम फुटणे, रात्री घामाने जाग येणे, योनिमार्ग कोरडा पडणे, लघवीला जळजळ होणे, ही प्रामुख्याने रजोनिवृत्तीची लक्षणे होत. उलट इतरांना उकडत असताना थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, घोगरा आवाज, सकाळी चेहरा व पापण्या सुजणे, नाडी मंद होणे, गळ्यापुढे गाठ दिसणे, ही लक्षणे थायरॉईडकडे बोट दाखवितात.

या दोन्हींशिवाय तिसरे कारण आपल्याकडे नेहमी विसरले जाते. ते म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन आठ आहे, तिचा थकवा टीएसएचच्या सहा या आकड्यामुळे असण्याचा संभव कमी. अशा स्त्रीला थायरॉईडची गोळी दिली आणि लोह दिले नाही, तर तिचा थकवा जात नाही. पुढच्या भेटीत गोळीची मात्रा मात्र वाढते.

जास्त रक्तस्रावाचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. रजोनिवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत पाळी लांबणे किंवा जास्त जाणे हे पुष्कळदा संप्रेरकांच्या चढउतारामुळे होते. थायरॉईडच्या कमतरतेनेही पाळी बिघडते आणि रक्तस्राव वाढतो. हे दोन्ही प्रकार औषधांनी सुधारू शकतात. म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास त्यापूर्वी हिमोग्लोबिन, सोनोग्राफी आणि गरजेनुसार थायरॉईडची तपासणी झाली आहे काय, औषधे किंवा संप्रेरकयुक्त तांबी हा पर्याय वापरून पाहिला काय, हे विचारण्याचा प्रत्येक स्त्रीला अधिकार आहे. एका रक्ततपासणीने एखादी शस्त्रक्रिया टळू शकते.

गोळी कोणाला, कोणाला नाही?

टीएसएच वारंवार दहाच्या वर येत असेल, तर बहुतेक तज्ज्ञ लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू करण्याचा सल्ला देतात. गर्भवती किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रियांचे निकष निराळे आणि अधिक कडक आहेत. त्यांनी थांबू नये.

प्रश्न उरतो तो साडेचार ते दहा या पट्ट्याचा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्रस्ट' या युरोपीय चाचणीत ६५ वर्षे व त्यावरील ७३७ व्यक्तींना लेव्होथायरॉक्सिन किंवा तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्यात आली. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या थकव्यात वा इतर लक्षणांत काही फरक आढळला नाही. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील तज्ज्ञगटाने या अवस्थेतील प्रौढांना सरसकट गोळी देऊ नये, अशी शिफारस केली. तीव्र लक्षणे असलेले, तरुण आणि गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रिया यांना त्यांनी वगळले होते.

याचा अर्थ या पट्ट्यातील कोणालाच गोळी देऊ नये, असा नाही. प्रतिपिंडे आढळली, आकडा प्रत्येक तपासणीत चढत गेला, कोलेस्टेरॉल वाढलेले असले किंवा लक्षणे ठळक असली, तर डॉक्टर काही महिने गोळी देऊन पाहतात. मात्र अशा प्रयोगाला मुदत हवी. टीएसएच मर्यादेत येऊनही तीन-चार महिन्यांत बरे वाटले नाही, तर त्रासाचे कारण दुसरीकडे शोधावे आणि गोळी चालू ठेवण्याचा फेरविचार करावा.

'नुकसान तर काही नाही ना, घेऊन टाकू,' हा विचार धोक्याचा आहे. गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन पोटात गेले, तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडे विरळ होतात. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे हाडांची झीज आधीच सुरू झालेली असते. त्यावर अनावश्यक गोळीची भर पडली, तर हाडांना दुहेरी मार बसतो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या स्त्रीसाठी ठिसूळ हाडे म्हणजे थेट रोजगारावर आणि कुटुंबावर संकट.

पिशवी गेली, पाळी गेली. रजोनिवृत्ती आली काय?

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. गर्भपिशवी काढली म्हणजे लगेच रजोनिवृत्ती आली, असे नाही. पाळी पिशवीतून येते. इस्ट्रोजेन तयार होते ते स्त्रीबीजकोशांत. केवळ पिशवी काढली आणि दोन्ही बीजकोश शाबूत ठेवले, तर पाळी थांबते; पण संप्रेरके तयार होत राहतात. बीजकोशही काढले, तर मात्र इस्ट्रोजेन एकाएकी बंद होते. नैसर्गिक रजोनिवृत्तीत जो बदल काही वर्षांत सावकाश होतो, तो येथे एका दिवसात होतो. त्यामुळे अंगातून वाफा, घाम, निद्रानाश ही लक्षणेही अधिक तीव्र असतात.

बीजकोश ठेवले तरी ते वेळेपूर्वी थकण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पिशवी काढलेल्या ४०६ आणि न काढलेल्या ४६५ स्त्रियांची तुलना करण्यात आली. चार वर्षांनंतर बीजकोशांचे काम थांबण्याचे प्रमाण पहिल्या गटात १४.८ टक्के, तर दुसऱ्या गटात आठ टक्के होते.

अशा स्त्रीला रजोनिवृत्ती आल्याचे कळावे कसे? पाळी हीच नेहमीची खूण. पण तीच उरलेली नसते. मग वाफा, निद्रानाश, चिडचिड यांचे कारण उमगत नाही आणि थायरॉईडच्या किंचित वाढलेल्या आकड्यावर सर्व दोष ढकलला जातो. चाळिशीच्या आतील स्त्रीत ही लक्षणे दिसली, तर एफएसएच या संप्रेरकाची तपासणी मार्गदर्शक ठरते.

त्यासाठी एक गोष्ट प्रत्येकीजवळ असलीच पाहिजे. ती म्हणजे शस्त्रक्रियेची कागदपत्रे. आपली फक्त पिशवी काढली की बीजकोशही काढले, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. काढलेल्या भागाच्या तपासणीचा, म्हणजे बायॉप्सीचा अहवालही मागून घ्यावा. कागद हरवला असल्यास संबंधित रुग्णालयाकडे नोंदीची प्रत मागता येते. सोनोग्राफीतही बीजकोश आहेत की नाहीत, याचा अंदाज येतो.

संप्रेरक उपचार : भीती आणि वस्तुस्थिती

भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ वर्षे, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१ वर्षे मानले जाते. चाळिशीच्या आत आलेली रजोनिवृत्ती ही अकाली समजली जाते. अशा स्त्रियांत हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून विशेष कारण नसल्यास त्यांनी साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरक उपचार घ्यावेत, अशी जागतिक शिफारस आहे. शरीराला त्या वयात जे मिळायला हवे होते, तेच या उपचाराने परत दिले जाते.

संप्रेरक उपचारांची भीती पसरली ती २००२ मध्ये. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीत १६,६०८ स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषध किंवा औषधविरहित गोळी देण्यात येत होती. स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत वाढलेले आढळल्याने ती मुदतीपूर्वी थांबविण्यात आली. प्रत्यक्षात ही वाढ दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ आणि पक्षाघाताचे आठ जादा रुग्ण एवढी होती. त्याच वेळी खुब्याची हाडे मोडण्याचे प्रमाण दहा हजारांमागे पाचाने घटले होते.

शिवाय त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षे होते. तिशी-चाळिशीतील स्त्रीला ते निष्कर्ष जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुढील विश्लेषणांतून असे दिसले, की साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास निरोगी स्त्रियांत बहुधा धोक्यापेक्षा फायदा अधिक असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतील इशारा काढून टाकण्याची प्रक्रिया सुरू करीत असल्याचे जाहीर केले.

बीडच्या संदर्भात आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. पिशवी शाबूत असलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन दिले, तर पिशवीच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून तिला जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते. पिशवी काढलेल्या स्त्रीला सर्वसाधारणपणे एकट्या इस्ट्रोजेनने भागते. याच अमेरिकी प्रकल्पाच्या दुसऱ्या शाखेत पिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रिया होत्या. त्यांच्यात एकट्या इस्ट्रोजेनने पक्षाघाताचा धोका वाढला, पण स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढले नाही.

स्तनाचा कर्करोग झालेल्या, पूर्वी रक्ताची गुठळी, पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्या स्त्रियांनी हे उपचार घेऊ नयेत. नुसता योनिमार्गाचा कोरडेपणा व लघवीची जळजळ असेल, तर तेथे लावण्याचे अल्प मात्रेतील इस्ट्रोजेन मलम पुरते. ज्या स्त्रीला वेळेवर, नैसर्गिक रजोनिवृत्ती आली आहे आणि विशेष त्रास नाही, तिला संप्रेरकांची मुळीच गरज नाही.

दोन्ही औषधे एकत्र आली तर?

थायरॉक्सिन रक्तातून एका वाहक प्रथिनाला चिकटून प्रवास करते. चिकटलेले थायरॉक्सिन म्हणजे गाडीत भरून ठेवलेला माल. प्रत्यक्ष कामी येतो तो गाडीबाहेरचा, मोकळा भाग. इस्ट्रोजेनची गोळी गिळली, की ती आतड्यातून प्रथम यकृतात जाते आणि यकृत हे वाहक प्रथिन अधिक प्रमाणात तयार करू लागते. गाड्या वाढतात, माल त्यांत अडकतो आणि मोकळा भाग घटतो.

ज्या स्त्रीची थायरॉईड ग्रंथी निरोगी आहे, तिची ग्रंथी थोडे जास्त काम करून ही तूट भरून काढते. जी स्त्री बाहेरून गोळी घेते, तिच्या ग्रंथीला हे जमत नाही. बहा अराफा यांनी २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नेमके हेच दाखवून दिले. निरोगी थायरॉईडच्या स्त्रियांत इस्ट्रोजेन सुरू केल्यावर मोकळ्या थायरॉक्सिनमध्ये फरक पडला नाही. थायरॉक्सिनच्या गोळीवर असलेल्या स्त्रियांत मात्र ते घटले आणि त्यांपैकी काहींना बारा आठवड्यांत गोळीची मात्रा वाढविण्याची गरज निर्माण झाली.

म्हणून थायरॉईडची गोळी चालू असताना इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली, तर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावे. इस्ट्रोजेन बंद केले, तरीही तपासावे. कारण तेव्हा थायरॉईडची जुनी मात्रा जास्त ठरू शकते. बॉर्डरलाईन अवस्थेतील स्त्रीची ग्रंथी आधीच ताणलेली असते. तिनेही ही तपासणी चुकवू नये.

त्वचेवर लावण्याच्या जेलमधील किंवा पट्टीतील इस्ट्रोजेन थेट रक्तात जाते. यकृतावर त्याचा भार पडत नाही, त्यामुळे थायरॉईडच्या मात्रेवर सहसा परिणाम होत नाही. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा कमी असतो. किंमत मात्र अधिक असते.

गोळी घेण्याची रीत

लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या हे औषध शोषू देत नाहीत, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांना या तिन्ही गोळ्या एकाच वेळी लिहून दिल्या जातात आणि त्या सकाळी एकत्रच गिळल्या जातात. मग टीएसएच उतरत नाही. पहाटे तीन-चारला उठून फडात जाणाऱ्या स्त्रीने उठल्याबरोबर पाण्यासोबत थायरॉईडची गोळी घ्यावी. लोहाची दुपारी आणि कॅल्शियमची रात्री जेवणानंतर. आयोडीनयुक्त मीठ वापरावे; खडे मीठ स्वस्त असले, तरी त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही.

हंगामाचे गणित

दोन तपासण्यांमध्ये दोन-तीन महिन्यांचे अंतर हवे, हा नियम कागदावर सोपा आहे. दसऱ्याच्या आधी तपासणी झालेली स्त्री दोन महिन्यांनी गावापासून शेकडो किलोमीटरवर, फडाशेजारच्या कोपीत असते. दवाखान्यात जायचे तर खाडा पडतो. अशा वेळी तिच्याशी संबंधित निर्णय हंगाम पाहूनच घेणे शहाणपणाचे ठरते.

टीएसएच दहाच्या आत आणि फ्री टी-४ ठीक असेल, तर फेरतपासणी मार्च-एप्रिलमध्ये परतल्यावर केली तरी बिघडत नाही. उलट निघण्याच्या तोंडावर 'घेऊन टाका' म्हणून सुरू केलेली गोळी सहा महिने तपासणीविना चालू राहते, हे अधिक वाईट. इस्ट्रोजेनचे उपचारही शक्यतो परतल्यानंतर सुरू करावेत, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत मात्रा जुळवता येते. आधीपासून चालू असलेली थायरॉईडची गोळी मात्र प्रवासात तुटू देऊ नये. लेव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि ते स्वस्तही आहे. पूर्ण हंगामाचा साठा व जुना अहवाल सोबत न्यावा.

शस्त्रक्रियेनंतरचा त्रास अंगावर न काढता जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाई येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग आणि औषधवैद्यक अशा दोन्ही विभागांचा सल्ला घ्यावा. एकाच कागदावर दोन्ही विभागांची औषधे लिहून घ्यावीत, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्यास ठाऊक राहते.

डॉक्टरांना हे विचारा

* माझा फ्री टी-४ किती आहे? टीएसएच पुन्हा केव्हा तपासायचे?
* माझे हिमोग्लोबिन किती आहे? थकवा त्यामुळे असू शकेल काय?
* ही गोळी किती दिवस घेऊन पाहायची? फरक पडला नाही, तर बंद करायची काय?
* शस्त्रक्रियेत माझे बीजकोश ठेवले आहेत की काढले आहेत?
* माझ्या वयात इस्ट्रोजेनची गरज आहे काय? गोळी बरी की जेल?
* पिशवी काढण्यास पर्याय आहे काय? तो वापरून पाहिला आहे काय?

बॉर्डरलाईन थायरॉईड हा बहुतेक वेळा वाट पाहण्याचा विषय आहे. तिशीत आलेली रजोनिवृत्ती हा वाट पाहण्याचा विषय नाही. आज नेमके उलटे घडताना दिसते. किंचित वाढलेल्या आकड्यावर वर्षानुवर्षे गोळी चालते आणि इस्ट्रोजेनअभावी झिजणाऱ्या हाडांची कोणी चौकशीही करीत नाही. तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची मोजदाद झाली, हे आवश्यक होते. आता त्यांतील प्रत्येकीच्या हाती तिच्या शस्त्रक्रियेचा कागद आणि तिच्या तपासण्यांची वही असणे, हे पुढचे काम आहे.